आंघोळ करून आलेला नमुना

निर्मला ढोक यांनी कधीही खोटा आकडा लिहिला नाही.

माणसाबद्दल लिहिताना अशी सुरुवात करू नये, हे मला कळतं. आधी माणूस दिसावा, त्याचं चालणं-बोलणं कळावं, मत मग द्यावं. पण पंधरा वर्षांपूर्वी याच्या बरोबर उलट अर्थाच्या वाक्याखाली मी सही केली होती. देवळी तालुक्यातल्या एका कागदाच्या मिलमध्ये, फायलीत ती सही अजून आहे. म्हणून खरं वाक्य पहिल्या ओळीत लिहून टाकलं. आता बाईंबद्दल सांगतो.

मिल छोटी होती. गव्हाचं काड, उसाची चिपाडं, मिळेल तेव्हा पऱ्हाटी म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या, असा माल यायचा. तो कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात शिजवायचा, शिजल्यावर सुटलेलं काळं पाणी धुऊन काढायचं, उरलेला तपकिरी लगदा क्लोरीननं पांढरा करायचा आणि त्यातून वह्यांचा कागद काढायचा. ढोकबाई तिथल्या प्रयोगशाळेत केमिस्ट होत्या. त्यांच्या वर कोणी नव्हतं आणि खालीही कोणी नव्हतं. एक खोली, दोन टेबलं, काचेची भांडी आणि बाई. रोज नाचणगावहून मोपेडवर यायच्या. ठेंगणी, काटक मूर्ती. साडीवर पांढरा कोट. उजव्या हाताच्या तीन बोटांची टोकं कायम तपकिरी, परमँगनेटचे डाग. कुणी त्या बोटांकडे पाहिलं की म्हणायच्या, "मेंदी नाई ते. पगार हाय."

बीएस्सी झालेली बाई, पण बोली ठेवली होती नाचणगावचीच. 'मी जातो, मी करतो' असंच बोलायच्या. मोठे साहेब, म्हणजे मिलचे जनरल मॅनेजर, हिंदीत बोलायचे. त्यांनाही बाई वऱ्हाडीतच उत्तर द्यायच्या. साहेबांना निम्मं कळायचं. "निम्मं पुरते त्यायले," असं बाईंचं म्हणणं.

मी तिथे प्रोसेस इंजिनिअर म्हणून आलो तेव्हा सदतिशीचा होतो. पहिल्या दिवशी ओळख करून घ्यायला प्रयोगशाळेत गेलो. बाई ब्युरेटमधून थेंब थेंब ॲसिड सोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "थांबा." मी थांबलो. थेंब संपले, आकडा लिहून झाला, मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कुठचे तुमी?"

"पवनारचा."

"धाम नदीच्या काठचे? बरं झालं. पाणी पाहून मोठे झाले तुमी. इथल्या लोकायले पाणी दिसतच नाई. निस्तं क्लोरीन दिसते."

हे बाईंचं सगळं शास्त्र होतं, आणि ते बरोबर होतं. लगदा नीट धुतला नाही, त्यात काळं पाणी राहिलं, तर क्लोरीनचा मोठा भाग त्या काळ्या पाण्यावरच खर्च होतो. मग ऑपरेटर क्लोरीनचा व्हॉल्व्ह आणखी उघडतो. कागद पांढरा होतो, पण लगद्याचे तंतू मरतात, आणि उरलेलं विष नाल्यात जातं. आमच्या धंद्यातला हा पहिला धडा. पुस्तकात तो चार पानांत असतो. बाई एका वाक्यात सांगायच्या: "मळलेल्या अंगाले पावडर लावू नका."

लगदा धुवायला तीन मोठे फिरते ड्रम होते, एकामागे एक. आम्ही त्यांना वॉशर एक, दोन, तीन म्हणायचो. बाईंनी त्यांची नावं ठेवली होती थोरली, मधली आणि धाकटी, एका घरातल्या तीन सुना असाव्यात तशी. सकाळी आकडे पाहून वॉशरवरच्या महादेवला निरोप जायचा, "मधलीनं आज काम नाई केलं. तिच्या जाळीत काय अडकलं ते पाह्य." महादेव जाळी उघडून बघायचा. बहुतेक वेळा काहीतरी अडकलेलं असायचंच.

रजिस्टरमध्ये त्यांनी कधी खाडाखोड केली नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ, बाजूला बरोबर आकडा आणि सही. चुकलेला आकडा वाचता आला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. मी एकदा म्हटलं, "बाई, किती गिचमिड दिसतं हे. पान बदलून टाका ना."

"पान बदलाले मी काय लग्नपत्रिका लिहून राह्यली का? आकडा आपला नसते, राऊतसाहेब. आकडा लगद्याचा असते. आपण निस्ते विचारणारे."

नाल्याचं प्रकरण मी आलो त्याच वर्षीचं. मिलचं पाणी ज्या नाल्यात जायचं त्याच्या खालच्या अंगाला एक वस्ती होती. तिथल्या बायका गेटवर येऊन भांडून गेल्या, लुगड्यांचे रंग उडतात म्हणून. ऑफिसनं सांगितलं, साबण बदला. बाईंनी हे ऐकलं. पुलगावच्या बाजारातून त्यांनी स्वतः लाल सुती कापड आणलं, फाडून चिंध्या केल्या. सोमवारी एक चिंधी मिलचं पाणी नाल्यात पडतं तिथे बांधली, दुसरी वरच्या अंगाला, मिलच्या आधी. शनिवारी दोन्ही सोडून आणल्या आणि मोठ्या साहेबांच्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी ठेवल्या. वरची चिंधी लालच होती. खालची फिकट गुलाबी, टोकाला जवळजवळ पांढरी.

"मॅडम, ये क्या पूजा का सामान है?" साहेब हसून म्हणाले.

"हो साहेब. तुमच्या नाल्याची पूजा केली. हा परसाद."

साहेबांना या वेळी निम्म्यापेक्षा जास्त कळलं असावं. त्यांनी हसणं थांबवलं आणि विचारलं की हे करायला कुणी सांगितलं.

"कोणी नाई सांगितलं, म्हून तर केलं. कोणी सांगितलं असतं तर त्यानंच केलं असतं."

त्यानंतर दर सोमवारी चिंधी बांधायचं बाईंनी सोडलं नाही. साहेबांनी लेखी मनाई केली. बाईंनी ते मनाईचं पत्र प्रयोगशाळेच्या भिंतीवर चिकटवलं आणि त्याच्याच खाली खिळ्याला चिंध्या अडकवायला सुरुवात केली. प्रत्येकीवर पेन्सिलनं आठवडा लिहिलेला. ज्या आठवड्यात धुलाई चांगली झाली त्या आठवड्याची चिंधी जास्त लाल असायची. येणारा-जाणारा प्रत्येक जण ती भिंत बघायचा. मीही बघायचो आणि मनात म्हणायचो, ही बाई नोकरीवर पाणी सोडणार एक दिवस. ते पाणी मीच सोडायला लावणार आहे, हे माझ्या मनात नव्हतं.

उन्हाळा आला. मिलच्या विहिरी खाली गेल्या. मला त्यात संधी दिसली. मी एक योजना मांडली. वॉशरवर मारायचं गरम पाणी एक चतुर्थांश कमी करायचं, ड्रमचा वेग थोडा बदलायचा. पाणी वाचेल, पाणी तापवायची वाफ वाचेल, धुलाईवर परिणाम होणार नाही. कागदावर योजना सुंदर दिसत होती. मोठे साहेब खूश झाले. तीन आठवडे चाचणी करा म्हणाले. यशस्वी झाली तर विभागप्रमुखाची रिकामी जागा माझीच, हेही सुचवून झालं.

बाई म्हणाल्या, "धामच्या काठचे तुमी, आन् पाणी वाचवता कायले? शिजवाची वाफ वाचवा, गळतं ते वाचवा. धुवाचं पाणी नका वाचवू."

"आकडे बोलतील, बाई."

"बोलू द्या तर मंग. फक्त मधात बोलू नका."

पहिल्या दोन दिवसांतच आकडे बोलले. शेवटच्या वॉशरवरून निघालेला लगदा पिळायचा आणि त्या पाण्यात सोडा किती राहिला हे प्रयोगशाळेत मोजायचं, ही धुलाईची परीक्षा. आकडा बाराच्या आत हवा. तो एकोणिसावर गेला.

मी आकडा बदलला नाही. पुढची बरीच वर्षं मी स्वतःची हीच समजूत घालत आलो, की मी आकडा बदलला नाही. मी नमुना बदलला. प्रयोगशाळेला नमुना प्लास्टिकच्या बादलीत वॉशरवरून जायचा, महादेव पाठवायचा. मी महादेवला म्हणालो, "नमुना पाठवण्याआधी एकदा साध्या पाण्यातून खळबळून घेत जा. वरवरचं काळं पाणी असलं की रीडिंग चुकतं." महादेव माझ्याकडे दोन क्षण पाहत राहिला. वीस वर्षं वॉशरवर काढलेला माणूस होता तो. मग म्हणाला, "तुमी म्हणता तर खळबळतो, साहेब."

दुसऱ्या दिवशी आकडा नऊ आला.

मी चुकलो ते इथे. थोडं कमी खळबळून अकरा आणला असता, तर कदाचित खपून गेलं असतं. नऊ हा आकडा पूर्ण पाण्यावरही कधी आला नव्हता. बाई बादली हातात घेऊन माझ्या केबिनमध्ये आल्या. बादली माझ्या टेबलावर, चाचणीच्या कागदांवरच ठेवली. त्यातला लगदा स्वच्छ, सैल, तरंगणारा.

"राऊतसाहेब, पाणी कमी केलं आन् धुलाई चांगली झाली. बरोबर?"

"आकडा तसं सांगतो."

"मंग पाणी बंदच करून टाका. अजून चांगली होईन."

बाईंनी बादलीत हात घातला, मूठभर लगदा पिळला. पाणी जवळजवळ नितळ निघालं.

"हा नमुना आंघोळ करून आला हाय. केस विंचरून, पावडर-गंध लावून. पोरगी पाहाले चालला का हा?"

बाहेर उभे असलेले दोघे-तिघे हसले. मीही हसलो. हसण्यासारखंच बोलल्या होत्या त्या. बाई मात्र हसल्या नाहीत. "नमुना आंघोळ करून आला की लगदा बिनआंघोळीचाच राह्यते," एवढं बोलून बादली तिथेच ठेवून गेल्या.

प्रयोगशाळेतल्या माणसानं पल्प हाउसमध्ये, म्हणजे वॉशरच्या शेडमध्ये, जायचं नाही, असा रिवाज होता. नमुना प्रयोगशाळेकडे येतो, प्रयोगशाळा नमुन्याकडे जात नाही. बाईमाणसानं तर नाहीच. तिथे फेसानं जमीन निसरडी, सगळे पुरुष बनियनवर. दुपारी बाईंनी जेवणाचा स्टीलचा डबा रिकामा केला, धुतला, पुसला आणि कोटासकट पल्प हाउसमध्ये शिरल्या. महादेवनंच मला नंतर सांगितलं. पाच-सहा माणसं शर्ट शोधत पळाली. बाई म्हणाल्या, "पळू नका बाप्पा, मी तुमाले नाई, धाकटीले भेटाले आली." शेवटच्या वॉशरवरून त्यांनी डावीकडून, मधून आणि उजवीकडून असे तीन मुठी लगदा डब्यात घेतला, झाकण लावलं आणि आल्या वाटेनं परत गेल्या.

आकडे आले एकवीस, बावीस, वीस. रजिस्टरमध्ये त्या दिवसाच्या नऊच्या खाली त्यांनी तिन्ही लिहिले. शेजारी लिहिलं, 'नमुना माझ्या हातचा.' आणि सही. त्यानंतर रोज दोन आकडे पडू लागले. वर बादलीचा, खाली डब्याचा.

दहाव्या दिवशी मोठ्या साहेबांनी बोलावलं. खोलीत आम्ही चौघं होतो: साहेब, बाई, महादेव आणि मी. साहेबांनी रजिस्टर उघडून महादेवला विचारलं, "सॅम्पल धो के भेजते हो क्या?"

महादेवनं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"नाई साहेब," महादेव म्हणाला. त्याला दोष देण्याची माझी लायकी नाही.

मग साहेब माझ्याकडे वळले. मी काय बोललो ते मला शब्दशः आठवतं. मी म्हणालो, "मॅडमना वॉशरची माहिती नाही. पाण्याचा शेवटचा फवारा पडण्याआधीच्या जागेवरून त्यांनी लगदा घेतला असणार. म्हणून आकडा जास्त." मी हे शांत आवाजात, इंजिनिअरसारखं बोललो. वॉशरच्या आतली जागा बाईंना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती.

बाईंनी वाद घातला नाही. माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाल्या, "राऊतसाहेब, तुमी पवनारचे."

पवनार म्हणजे आश्रमाचं, सत्याग्रहींचं गाव; वर्ध्याकडच्या माणसाला या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. मला तो तेव्हाही कळला होता.

एक कागद टाइप होऊन आला. 'श्रीमती ढोक यांनी चाचणी अयशस्वी ठरवण्याच्या हेतूने खोट्या नोंदी केल्या.' खाली तांत्रिक साक्षीदार म्हणून माझी सही. बाईंना सांगण्यात आलं, माफीची एक ओळ लिहून द्या, प्रकरण मिटवू. कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं गेलं. बाईंनी पेन घेतलं. मला हायसं वाटलं, हेही कबूल करतो. त्यांनी एकच ओळ लिहिली, कागद वळवून साहेबांकडे केला आणि उठल्या.

कागदावर लिहिलं होतं, 'नमुना पुन्हा घ्या.'

नमुना कुणी पुन्हा घेतला नाही. बाईंची नोकरी गेली. भिंतीवरच्या चिंध्या कुणीतरी काढल्या, खिळे राहिले.

पुढे काय झालं ते मिलमधल्या कुणालाही सांगता येईल. लगद्यात काळं पाणी राहत होतं, म्हणून क्लोरीन वाढवावा लागला. क्लोरीन वाढला तसा लगदा कमजोर झाला. मशीनवर कागद सारखा तुटायला लागला. एकेका पाळीत इतक्या वेळा, की मशीनवरची माणसं शिव्या द्यायचीही थांबली. पावसाळ्यात विहिरी भरल्या तेव्हा वॉशरचं पाणी गुपचूप पूर्ववत करण्यात आलं. योजना फसली असं कुणी म्हणालं नाही. तोवर मी विभागप्रमुख झालो होतो. दोन वर्षांनी त्याच अनुभवावर मला दुसऱ्या राज्यात मोठी नोकरी मिळाली.

आता मी मिलना सल्ला देतो. लगदा कमीत कमी रसायनात कसा शिजवावा, कसा धुवावा, कसा पांढरा करावा, याची शिबिरं घेतो. त्या शिबिरांत मी एक गोष्ट सांगायचो. एका मिलमध्ये एक इंजिनिअर नमुना धुऊन पाठवायचा, तर तिथली केमिस्ट बाई म्हणाली, हा आंघोळ करून पोरगी पाहायला चालला का? मुलं खदखदून हसायची. कितीतरी वर्षं मी बाईंच्या वाक्यावर टाळ्या घेतल्या. गोष्टीतल्या इंजिनिअरला मी नाव दिलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात एका शिबिरात हसणं ओसरल्यावर मागच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, त्या बाईंचं पुढे काय झालं?"

मला ते माहीतच नव्हतं. मी चहाची सुट्टी जाहीर केली.

पुढच्याच आठवड्यात मी नाचणगावला गेलो. घर शोधायला वेळ लागला नाही. 'प्रॅक्टिकलवाल्या ढोकबाई' म्हटलं की शेंबडं पोरही वाट दाखवत होतं. पुढच्या खोलीत भिंतीला लागून बाकं, टेबलावर ब्युरेट. बारावीची मुलं नुकतीच सुटली असावीत. बाईंचे केस पूर्ण पांढरे झाले होते. मला त्यांनी लगेच ओळखलं.

"बसा. चहा मास्तर करतीन. मी नाई करत तुमच्यासाठी."

मास्तर म्हणजे त्यांचे यजमान, निवृत्त शिक्षक. ते आतून म्हणाले, "साखर किती, साहेब?" आणि बाई म्हणाल्या, "घाला दोन चमचे. कडू बोलाले आले असतीन."

मी बोलायला लागलो. सगळं सांगितलं. महादेव, बादली, पंखा, सही. माझे डोळे भरून आले, तेव्हा बाई उठल्या आणि कपाटातून एक पिशवी घेऊन आल्या. पिशवीत पोस्टाच्या पोचपावत्या होत्या. दरवर्षी एक रजिस्टर्ड पत्र त्यांनी मिलला पाठवलं होतं, 'माझ्याविरुद्धची खोटी नोंद दुरुस्त करा' म्हणून. उत्तर एकालाही आलं नव्हतं.

"दोन ठिकाणी अर्ज केला होता मी," बाई म्हणाल्या. "नागपूरले एक लॅब होती, आन् इकडे पाण्याच्या तपासणीची. दोघायनंही मिलले विचारलं. मिलनं सांगितलं, बाई खोट्या नोंदी करते. केमिस्टबद्दल असं सांगितल्यावर तिले कोण ठेवीन? मंग हे पोरं धरले शिकवाले."

"बाई, मला माफ करा."

"माफी मले नाई पाह्यजे. ते तुमाले पाह्यजे. मले कागद पाह्यजे." त्यांनी पिशवीची गाठ मारली. "उद्या दहा वाजता मिलवर या. आन् मले इथं जे सांगितलं ते ज्यायच्यासमोर खोटं बोलले त्यायच्यासमोर सांगा. मले तर माईतच होतं ना. मले सांगून काय फायदा?"

माझ्या गाडीतून चला म्हणालो, तर म्हणाल्या, "माह्या मोपेडले वाट पाठ हाय."

दुसऱ्या दिवशी दहाला पाच मिनिटं कमी असताना बाई गेटवर होत्या. मोठे साहेब केव्हाच मिल सोडून गेले होते, पण महादेव होता. निवृत्तीला काही महिने राहिलेले. बाई मला थेट पल्प हाउसमध्ये घेऊन गेल्या. ड्रम फिरत होते, पंप घरघरत होते. आठ-दहा माणसं जमली. मी रात्रभर जुळवलेली वाक्यं बोलायला लागलो.

"मोठ्यानं बोला साहेब!" महादेव ओरडला. "काई ऐकू येऊन नाई राह्यलं!"

मग मी माझा खोटेपणा ओरडून सांगितला. मान खाली घालून, हळू आवाजात कबुली देता येते. ओरडून देताना शब्द लपत नाहीत. "नमुना मी धुवायला लावला होता! बाईंचे आकडे खरे होते! मी खोटं बोललो!" मागच्या एकानं कानाला हात लावला, म्हणून शेवटचं वाक्य पुन्हा ओरडावं लागलं.

महादेव बाईंजवळ आला. म्हणाला, "बाई, मी बी त्या दिवशी..."

"तुह्या घरी तवा तीन लेकरं होते, महादेव. याइच्या घरी प्रमोशन होतं." बाईंनी त्याला पुढे बोलू दिलं नाही.

ऑफिसमध्ये नवा मॅनेजर तरुण होता, सभ्य होता. त्यानं मी रात्री लिहून आणलेलं निवेदन वाचलं, बाईंना पाणी दिलं आणि म्हणाला, "मॅडम, हे फार वाईट झालं. आपण एक छोटा कार्यक्रम करू. मिलतर्फे तुमचा सत्कार करू. शाल-श्रीफळ."

"सत्कार कायचा? खरं लिहिलं म्हून?"

"हो, म्हणजे..."

"ते तर पगारात होतं. शाल नको. तुमच्या कागदावर लिहून द्या, निर्मला ढोकची नोंद खरी होती, मिलचं म्हणणं खोटं होतं. खाली सही, शिक्का, तारीख."

त्यानं हेड ऑफिसला फोन केला. बराच वेळ बोलला. बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता, पण पत्र टाइप करायला सांगितलं. 'मिलचे म्हणणे चुकीचे होते' असं टाइप होऊन आलं. बाईंनी 'चुकीचे' या शब्दावर एक आडवी रेघ मारली, वर 'खोटे' लिहिलं आणि पत्र परत टाइप करायला दिलं. मॅनेजरनं माझ्याकडे पाहिलं. पत्र परत टाइप झालं, त्यानं सही केली.

शिक्का कपाटात होता. कपाटाची किल्ली क्लार्ककडे होती आणि क्लार्क कामासाठी वर्ध्याला गेलेला.

"मॅडम, तो संध्याकाळपर्यंत येईल, किंवा उद्या सकाळी. मी शिक्का मारून पोस्टानं पाठवतो."

"तुमच्या ऑफिसच्या पोस्टाचा मले पंधरा वर्षांचा अनुभव हाय," बाई म्हणाल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन बसल्या.

मी म्हणालो, "बाई, मी थांबतो तुमच्यासोबत."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. मला हवी होती ती क्षमाही नव्हती.

"तुमी कायले थांबता? तुमचं काम झालं. माह्यं बाकी हाय."

मी बाहेर आलो. गाडीपाशी जाऊन मागे वळून पाहिलं. ऑफिसच्या काचेतून बाई दिसत होत्या. त्यांनी खुर्ची ओढून शिक्क्याच्या कपाटाच्या दाराला टेकवून ठेवली होती आणि तिच्यात पाठ ताठ करून त्या बसल्या होत्या. मॅनेजर त्यांना काहीतरी समजावत होता. बाई मान हलवून नाही म्हणत होत्या.